पगारातले दोनशे रुपये आणि दुष्काळी कामं

मंडळी, आपण कोथरूडमध्ये बोलतोय, म्हणजे समोर बहुतेक पगारदार किंवा पेन्शनर. आपल्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात १९७५ साली हा कर कशासाठी बसवला, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली, तेव्हा भर अवजड उद्योगांवर होता. राष्ट्रीय उत्पन्न वाढेल आणि ते आपोआप खाली झिरपेल, असा हिशेब. झिरपलं किती, हे मोजलं इथून जवळच, गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी. १९७१ चा तो अभ्यास. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च त्यांनी रेषा म्हणून धरला. १९६०-६१ साली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेखाली होती. आणि ही रेषा पोटाची बरं का! शाळा, औषधं यांचा वेगळा हिशेब तिच्यात नाही.

उपाय काय? जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, असं दोघांचं स्पष्ट मत होतं. त्यापेक्षा गावात सार्वजनिक कामं काढा, मजुरी द्या आणि त्याचा भार वरच्या थरावर टाका. रिकामे हात हेच गरीब देशाचं भांडवल, हे रॅग्नर नर्क्सनं १९५३ मध्ये मांडलं होतंच.

आपल्याकडे मात्र हे पुस्तकातून आलं नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच तासगाव तालुक्यात प्रयोग केला होता. मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि लाखो लोक खडी फोडायला गेले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. काम मागितलं की पंधरा दिवसांत मिळालं पाहिजे, नाहीतर भत्ता. मागणारा याचक नाही, हक्कदार. आम्हाला तरी यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पैसा व्यवसाय करातून, आणि तेवढीच भर सरकारची.

पण बांध, पाझर तलाव झाले कुणाच्या शिवारात? ज्याची जमीन, त्याच्या विहिरीला पाणी वाढलं. खणणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं, त्यातल्या कितीतरी भूमिहीन. त्यांच्या वाट्याला आली ती मजुरी, तीही काम चालू असेपर्यंतच.