सरळ रेषेत चाललेला माणूस

‘बेहराम पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य’ हा १९५४चा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो तो एका तात्त्विक वादासाठी: घटनाबाह्य ठरलेला कायदा मरतो की नुसता निजतो? मी वकील नाही. जुने निकाल वाचायचा नाद मला आपला आपणच लागला. त्यामुळे असेल, माझी नजर अडली ती निकालात सांगितलेल्या हकीकतीपाशी.

२९ मे १९५१, रात्री साडेनऊचा सुमार, कुलाबा. जीपने तिघांना धडक दिल्याचा आरोप. चालक कोण, तर मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! डॉक्टरांना तोंडाला मद्याचा वास आला, डोळे लालसर दिसले. पण बोलणे सुसंगत होते आणि गृहस्थ सरळ रेषेत चालून दाखवत होते.

मद्यपी चालकासाठी १९३९च्या मोटार कायद्यात कलम ११७ होते. त्याची कसोटी मात्र गाडीवर ताबा ठेवता येऊ नये इतक्या नशेची. सरळ रेषेत चाललेला माणूस त्यात कसा सापडणार? मुंबईत त्याहून सोपे हत्यार होते, १९४९चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय प्यायलात, एवढेच तिथे पुरे. म्हणून बेदरकार वाहन चालवण्याच्या आरोपाला हा दुसरा आरोप जोडला गेला. बचाव असा की, घेतले ते बी. जी. फॉस नावाचे औषध, ज्यात मद्यार्क असतोच. आणि योगायोग पाहा: चारच दिवस आधी, २५ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी रद्द केली होती. दंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने दारूबंदीखाली दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. प्यायलेले औषध नव्हते, हे सरकारने सिद्ध करायला हवे होते.

यापुढचा सगळा वाद बाटलीत काय होते याचा. धडक बसलेले तिघे त्यात कुठेच नाहीत.

१९५९ साली मुंबई सरकारने ही फट बुजवली. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळला, तर ते औषध होते हे आरोपीने सिद्ध करायचे. म्हणजे इथल्या कायद्यात रक्तातल्या मद्याचा आकडा शिरला तो रस्त्यावरच्या माणसासाठी नव्हे, दारूबंदी टिकवण्यासाठी, असे माझे मत आहे. मोटार कायद्याला आकडा मिळाला त्यानंतर पस्तीस वर्षांनी. १९८८च्या कलम १८५मध्ये आधी ‘कितीही अल्प’ मद्य गुन्हा होते. १९९४च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि फुंकायचे यंत्र आणले. दारूबंदीचे ०.०५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. एकाच रक्ताला दोन मापे!

१२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात ठार, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट. आकडा होता, यंत्रणा होती. तरी सत्र न्यायालयाने तो निष्काळजीपणाने झालेला मृत्यू मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा फारच तोकडी आहे, असे त्या निकालात नोंदवले आहे. ती वाढवता मात्र आली नाही; वाढवून मागणारे अपील राज्य सरकारने केलेच नव्हते.