दानाचा वारसा : रोगे आणि तय्यबजी घराणी

महाड-पोलादपूरकडच्या आपल्या कुटुंबांत दानधर्म नवा नाही. मुंबईत, जहाजावर किंवा आखातात राबणाऱ्याने जकात काढावी, गावच्या मशिदीला, मदरशाला रक्कम पाठवावी, ही रीत जुनीच. परंतु कोणाला किती दिले आणि का दिले, हे बहुधा घरच्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असते. तो अल्लाला प्यारा झाला की मुलांना काहीच सांगता येत नाही, आणि देणे तेथेच थांबते.

मुंबईत याच्या उलट घडलेले एक उदाहरण आपल्याच कोकणी जमातीतले आहे. नाखुदा महंमद अली रोगे हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बडे व्यापारी. जमशेटजी जीजीभाईंचे ते भागीदार होते. १८३७ साली त्यांनी मुंबईच्या जुम्मा मशिदीवर मजला चढविला. पुढे त्याच घराण्यातील, त्याच नावाच्या वंशजाने १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि मुन्शी गुलाम महंमद यांच्याबरोबर अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. वडीलधाऱ्यांनी मशीद वाढविली, म्हणून आपणही मशिदीवरच खर्च करावा, असे या वंशजाने मानले नाही. नव्या शिक्षणावाचून समाज मागे पडतो आहे, हे त्याला दिसत होते. दान तेच, पण त्याची दिशा बदलली. आजही पुष्कळ वडील नेमके येथेच मुलांना अडवितात, असे मला वाटते.

बद्रुद्दीन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. व्यापारी पित्याने त्यांना लहान वयातच विलायतेस शिकायला धाडले होते आणि १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. या कुटुंबाची घरे आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला होती. तेथे ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवीत, आणि घरातले थोर, लहान, बायामुलीदेखील त्यांत हकीकती लिहीत. मुलांनी मोठ्यांच्या गोष्टींत तोंड घालू नये, ही आपल्याकडची शिस्त तेथे दिसत नाही. बद्रुद्दीन १९०६ मध्ये वारले. त्यांचे नातू सैफ तय्यबजी पुढे अंजुमनचे अध्यक्ष झाले व १९५७ मध्ये मृत्यू पावले. मुंबईत बेलासिस रोडवरील मुलींच्या हायस्कुलाला त्यांचे नाव आहे. आजोबांनी ज्या संस्थेत मुलग्यांच्या शाळेपासून आरंभ केला, तिच्या मुलींच्या शाळेवर नातवाचे नाव लागले.

सर महंमद यूसुफ यांनी १९१४ साली सरकारला ८ लाख रुपये दिले. त्यातून वडिलांच्या नावाचे इस्माईल यूसुफ कॉलेज जोगेश्वरीस उभे राहिले, परंतु १९३० साली. रक्कम मोठी असूनही मध्ये १६ वर्षे गेली.

महाडलाही दानाची एक थोर हकीकत आहे. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. गावाच्या रोषाची पर्वा न करता दिलेली ती जागा होती. चवदार तळ्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कितीजणांनी हे नाव घरात ऐकले आहे, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे.