मातीच्या पाटीवरचे मस्टर

ग्रीक भाषा आणि उत्खनन असा विषय घेऊन आम्ही या व्यासपीठावर उभे राहिलो, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. आमचे आयुष्य गेले गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि युनियनच्या कचेरीत. कॉलेजच्या आवारात आम्ही गेलो ते पत्रके वाटावयास. इतिहास वाचला तो रात्री, सार्वजनिक वाचनालयातून एकेक पुस्तक आणून. तेव्हा पांडित्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु एका वस्तूची पारख आम्हांस चांगली आहे. ती वस्तू म्हणजे मस्टर. हजेरीपट कसा भरतात, बेरीज कोठे मांडतात, कोणाचे नाव लिहितात आणि कोणाचे गाळतात, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. आजची हकीगत तीन हजार वर्षांहून जुन्या अशा एका मस्टराची आहे.

युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन वाङ्मयाच्या अभ्यासाची परंपरा फार जुनी. पुरातत्त्व ही त्या मानाने धाकटी बहीण. पूर्वी भाषेचा पंडित ग्रंथालयात बसे आणि खणणारा उन्हात राबे. आता अनेक ठिकाणी दोन्ही विद्या एकत्र शिकवितात, आणि पदवीचा व पदव्युत्तर अभ्यास सलग करण्याचीही काही ठिकाणी सोय आहे. कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? एकाने पुस्तक धरावे, दुसऱ्याने कुदळ धरावी, म्हणजे झाले! या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच देऊन ठेवले आहे.

हाइनरिख श्लीमान हा जर्मन गृहस्थ आमच्यासारखाच स्वतः शिकलेला. लहानपणी वाणसामानाच्या दुकानात उमेदवारी केली, पुढे व्यापारात पैसा मिळविला. होमरच्या काव्यावर त्याची अढळ श्रद्धा होती. १८७० पासून त्याने तुर्कस्तानात हिसारलिकच्या टेकडीवर खणावयास सुरुवात केली, आणि ट्रॉय तेथेच असावे हे जगाला पटविले. पण मातीचे थर वाचण्याची विद्या त्याच्यापाशी तेव्हा नव्हती. ज्या नगराच्या शोधात तो होता, त्याच्याच थरांतून त्याचा भला मोठा चर आरपार गेला. प्रायम राजाचा म्हणून त्याने मिरविलेला खजिना त्या राजाच्या मानलेल्या काळाहून सुमारे हजार वर्षे जुना निघाला. पुस्तक हाती होते, माती वाचता येत नव्हती.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण आर्थर इव्हान्स यांचे. १९०० च्या मार्चमध्ये त्यांनी क्रीट बेटावर क्नॉसॉस येथे खणावयास घेतले, आणि थोड्याच दिवसांत अनोळखी लिपीतील मातीच्या पाट्या हाती आल्या. या लिपीला त्यांनी ‘लिनिअर बी’ असे नाव दिले. पुढे पाट्यांची संख्या हजारांवर गेली, परंतु इव्हान्स यांनी त्यांतील थोड्याच प्रसिद्ध केल्या. ही भाषा ग्रीक असूच शकत नाही, असा त्यांचा ग्रह होता. १९४१ साली ते वारले. पाट्यांचा मुख्य संग्रह छापून बाहेर आला १९५२ साली. जमिनीतून निघालेली वस्तू पन्नास वर्षे कपाटात अडकून राहिली.

मधल्या काळात, ४ एप्रिल १९३९ रोजी, अमेरिकन संशोधक कार्ल ब्लेगेन यांनी ग्रीसच्या नैर्ऋत्य भागात पायलॉसजवळ पहिला चर मारला. पहिल्याच दिवशी तो चर राजवाड्याच्या दप्तरखान्यावर जाऊन पडला! त्या एका हंगामात सुमारे सहाशे पाट्या निघाल्या. या पाट्या टिकल्या कशा, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. कारकून ओल्या मातीवर टोचणीने लिहीत आणि पाटी नुसती वाळवीत, भाजीत नसत. इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला, आणि त्या आगीत पाट्या विटेसारख्या भाजून पक्क्या झाल्या. वाडा गेला, हिशेब राहिला.

हा हिशेब वाचावयाचा कसा? येथे एका शिक्षिकेचे नाव आदराने घेतले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकविणाऱ्या अ‍ॅलिस कोबर या अंगावर कपडे शिवून हातगाडा ओढणाऱ्यांच्या नव्हेत, पण कष्टकऱ्याच्याच घरच्या. वडील हंगेरीतून आलेले, खुर्च्या-कोचांची गादीकामे करणारे. दिवसा नोकरी, रात्री लिपी. महायुद्धाच्या काळात कागद मिळेना, तेव्हा जुनी शुभेच्छापत्रे, जाहिराती, ग्रंथालयातल्या चिठ्ठ्या कापून त्यांनी हजारो टिपणे केली आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. शब्दांची शेवटची अक्षरे ठराविक रीतीने बदलतात, म्हणजे या भाषेत विभक्ती आहे, हे त्यांनी दाखविले. यादीच्या शेवटी येणारा ‘एकूण’ या अर्थाचा शब्दही पुरुषांसाठी एक आणि बायकांसाठी निराळा, हे त्यांनी ताडले. १९५० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या वारल्या. फळ पाहावयास त्या राहिल्या नाहीत.

ते फळ मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाच्या हाती आले. चौदा वर्षांचा असताना, १९३६ साली, त्याने इव्हान्स यांचे व्याख्यान ऐकले आणि त्या लिपीचा नाद घेतला. व्याख्यानाला मुले आणावीत की नाही, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! १ जुलै १९५२ रोजी त्याने नभोवाणीवरून सांगितले की, ही भाषा ग्रीकच आहे. केंब्रिजचे भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक त्याला येऊन मिळाले. तरी शंकेखोर होतेच. १९५३ साली ब्लेगेन यांनी पायलॉसची एक नवी पाटी नव्या वाचनाने लावून पाहिली. तीवर भांड्यांची चित्रे होती आणि पुढे शब्द. तीन पायांच्या भांड्यापुढे ‘तिरिपोदे’ असे निघाले; आपल्या ‘त्रिपाद’ शब्दाचा हा सख्खा भाऊ. मुठींना तेथे ‘कान’ म्हटले होते, जसे आपण कपाला कान म्हणतो. आणि चार कान, तीन कान, बिनकानाचे, असे शब्द त्या त्या चित्रापुढे बरोबर येत गेले. भाषेने लावलेल्या अर्थाला कुदळीने साक्ष दिली. १९५६ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी व्हेंट्रिस मोटार अपघातात गेला.

आणि पाट्यांवर निघाले काय? काव्य नव्हे, राजस्तुती नव्हे, मस्टर निघाले. पायलॉसच्या याद्यांत सातशेहून अधिक बायका आणि जवळजवळ तितकीच मुले आहेत. सूत कातणाऱ्या, अंबाडीसारख्या जवसाच्या धाग्याचे काम करणाऱ्या, धान्य दळणाऱ्या. त्यांना शिधा मिळे गव्हाचा, आणि तितक्याच मापाच्या अंजिरांचा. मुलाला बाईच्या निम्मा. काही गट मिलेटस, क्निडस, लेम्नॉस अशा समुद्रापलीकडील गावांच्या नावाने नोंदले आहेत. त्या धरून आणलेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या याद्यांत ब्राँझचे काम करणारे कारागीर आहेत. कोणाला किती धातू दिला ते लिहिले आहे, आणि बऱ्याच जणांपुढे ‘वाटा नाही’ अशा अर्थाचा शब्द आहे. ते वाचताना आम्हांस गिरणीच्या फाटकावर ताटकळणारे बदली कामगार आठवले. तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. पण आठवण आली खरी. कारागिरांची नावे तरी आहेत. बायकांची नावे नाहीत. फक्त काम, गाव आणि आकडा.

होमरच्या काव्यात पायलॉसचा राजा नेस्टर याच्या घरी पाहुण्याला स्नान घालतात. ब्लेगेन यांना राजवाड्यात खरोखरीचे न्हाणीपात्र सापडले. आणि पाट्यांत स्नानाचे पाणी ओतणाऱ्या बायकांचा शिधा सापडला. काव्याने पाहुणा दाखविला, कुदळीने न्हाणी दाखविली, आणि पाणी वाहणारी बाई दाखविली पाटीने. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय ते घर पुरे होत नाही. मेबल लँग या विदुषीचे काम पाहा. १८८५ साली मुलींसाठी निघालेल्या ब्रिन मॉर कॉलेजात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच चाळीसहून अधिक वर्षे ग्रीक शिकविले. त्याच बाईंनी पायलॉसच्या पाट्या संपादिल्या, आणि भिंतीवरील चित्रांचे तुकडे जुळवून १९६९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन विद्या एका माणसात नांदल्या म्हणजे असे काम उभे राहते.

आता शेवटचे, आणि घरचे. आमच्या ओळखीची एक गिरणी बंद पडली, तेव्हा तिचे हजेरीपट रद्दीत गेले. वाईंडिंग खात्यात सत्तावीस वर्षे धागा जोडलेल्या एका बाईला आपली नोकरी किती वर्षांची, हे सिद्ध करता येईना. तिच्यापाशी एक पितळी बिल्ला होता. त्यावर नंबर होता, नाव नव्हते. तिची देणी मिळवावयास आम्हांस चार वर्षे लागली, आणि निम्मीच मिळाली. पायलॉसच्या कातणारणीचा शिधा आज जगाला ठाऊक आहे, आणि आमच्या बाईची हजेरी कोठेच नाही. मातीची पाटी आगीत पक्की होते. कागदाची राख होते.

म्हणून विनंती एवढीच. आपल्या घरांत जुनी पगारपत्रके, बिल्ले, युनियनच्या पावत्या, दुकानाच्या चोपड्या असतील, तर त्या रद्दीवाल्याला देऊ नका. वाचनालयात आणून द्या. आणि घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला इतिहासाची ओढ असेल, तर तिला जुनी भाषाही शिकवा आणि मातीतही हात घालू द्या. पुढे कोणी आपला काळ खणावयास बसेल, तेव्हा त्याला आकड्यांशेजारी नावेही सापडली पाहिजेत.