एका अस्वलाचे किती धनी?

अमेरिकेत वायोमिंग, माँटाना आणि आयडाहो या तीन राज्यांच्या सांध्यावर यलोस्टोनचे उद्यान आहे. १८७२ साली ते राखून ठेवले गेले, ते तिथल्या उसळत्या गरम कारंज्यांसाठी. जनावरांचा विचार कोणाच्या मनात फारसा नव्हता, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून चौकट आखली गेली. आमच्या वर्गातली पोरेही अशाच सरळ रेघा मारतात! पुढे रेघेच्या आत उद्यान-खाते आले, बाहेरच्या रानांवर वनखाते, आणि तिथल्या शिकारीचे कायदे ज्या त्या राज्याचे. ग्रिझली अस्वल मात्र सगळे रान आपलेच समजून हिंडे.

उद्यानात त्याची चैन होती. हॉटेलांतले खरकटे उकिरड्यावर पडे आणि अस्वले पंगतीला यावीत तशी येत. एके काळी ती मौज पाहण्यासाठी प्रवाशांना बसायला बाकेसुद्धा होती. १९५९ पासून फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ त्यांचा अभ्यास करीत होते. अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून ते त्यांच्या मागे रानोमाळ फिरले. उकिरडे बंद करायचे ठरले, तेव्हा या भावांनी बजावले, की हे हळूहळू करा. पुढचे ताट एकदम ओढलेत तर अस्वले माणसांत शिरतील. अधिकाऱ्यांना ते पटले नाही. शेवटचा उकिरडा १९७० साली बंद झाला आणि भुकेली अस्वले प्रवाशांच्या तळांवर, रेघेबाहेरच्या वस्त्यांत जाऊन मारली जाऊ लागली. १९७५ साली ग्रिझलीचे नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आले.

उकिरडा एकाचा, मेंढ्यांची कुरणे दुसऱ्याची, शिकारीचे परवाने तिसऱ्याचे! उद्यान-खाते आणि वनखाते यांची समन्वय समिती १९६४ पासून होती खरी. पण समिती म्हणजे काम नव्हे, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. १९७३ साली अस्वलांच्या अभ्यासाला सर्वांचे मिळून एक पथक नेमले आणि १९८३ साली खात्यांची व राज्यांची एक समिती झाली. मग रानातल्या तळावर अन्न कसे ठेवावे याचे नियम आले, अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्या आल्या, ग्रिझलीच्या मुलखातली मेंढ्यांची कुरणे उठली. मला तर वाटते, त्या पेटीच्या झाकणाने जितकी अस्वले वाचवली तितकी कुठल्या कलमाने वाचवली नसतील.

आता त्या टापूत सुमारे हजार अस्वले आहेत, आणि भांडण नवे आहे. २०१७ साली केंद्र सरकारने तिथल्या ग्रिझलीचे नाव यादीतून काढले. वायोमिंग आणि आयडाहोने शिकारीची तयारीही केली. २०१८ साली न्यायालयाने ते नाव पुन्हा यादीत घातले. अस्वले वाढली, आता ती आमच्या स्वाधीन करा, असे राज्यांचे म्हणणे अजून आहेच.