केनेडींच्या घरातला थोरला

आजच्या भागात दोन भाऊ आहेत. धाकट्याला तुम्ही ओळखता: जॉन एफ. केनेडी, अमेरिकेचे पस्तिसावे राष्ट्राध्यक्ष. घरी त्याला जॅक म्हणायचे. थोरला जो, म्हणजे जोसेफ केनेडी ज्युनियर. वडिलांनी आपलंच नाव त्याला दिलं होतं, आणि घरातून कुणी राष्ट्राध्यक्ष होणार असेल तर तो जोच, हेही मनात पक्कं केलं होतं.

जोचा जन्म १९१५चा, जॅकचा १९१७चा. बालपण बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन उपनगरात गेलं. लाकडी घरं, झाडांचे रस्ते, ट्रामने शहर जवळ. आपल्याकडे साधारण त्याच काळात दादर-माटुंगा आकार घेत होतं, तसंच काहीसं: गर्दीतून बाहेर पडून नीटनेटकं जगू पाहणाऱ्यांची वस्ती. केनेडी मूळचे आयरिश कॅथलिक, आणि बॉस्टनच्या जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांच्या लेखी उपरे. त्यामुळे मुलांनी फक्त चांगलं असून भागणार नव्हतं, पहिलं यायला हवं होतं.

आई रोझ प्रत्येक मुलाचं एक कार्ड ठेवायची. वजन, उंची, लसी, आजारपणं, सगळी नोंद! (नऊ मुलं झाली, दुसरं काय करणार?) जॅकच्या कार्डावर आजारच आजार. डांग्या खोकला, गोवर, कांजिण्या. फेब्रुवारी १९२० मध्ये स्कार्लेट फीव्हर झाला तेव्हा त्याला तीन वर्षंही पूर्ण नव्हती आणि जगण्याची खात्री नव्हती. घरी त्याच दिवसांत बहीण कॅथलीन जन्मली होती.

जो मात्र धट्टाकट्टा, देखणा, आज्ञाधारक आणि तापट. लहान भावंडांना पोहायला वगैरे शिकवायचा, वडिलांच्या गैरहजेरीत जवळजवळ वडीलच. पण जॅकशी त्याचं जमायचं नाही. एकदा दोघांनी सायकलची शर्यत लावली. त्याच रस्त्याला वळसा, पण एकमेकांच्या उलट दिशेने. समोरासमोर आले तेव्हा बाजूला कोण होणार? कुणीच नाही. जॅकला २८ टाके पडले. जोला साधं खरचटलंही नाही.

मला या प्रसंगात जोपेक्षा जॅकचं नवल वाटतं. हरणार हे त्याला कळत असणार, तरी हँडल वळवलं नाही.

पुढे कुटुंब न्यू यॉर्कच्या उपनगरांत गेलं, आधी रिव्हरडेल, मग १९२९ मध्ये ब्राँक्सव्हिल. मुलं चोट या निवासी शाळेत. जोने तिथे अभ्यास आणि खेळ दोन्हींत नाव काढलं. मागून आलेला जॅक पसाऱ्यातला, विसराळू, वर्गाला हसवणारा. मुख्याध्यापक उनाड पोरांना ‘मकर्स’ म्हणायचे, तर याने त्याच नावाचा क्लब काढला! शाळेतून काढून टाकायची वेळ आली, वडिलांना बोलावणं गेलं. मग एका मानसशास्त्रज्ञाने त्याच्याशी बोलून पाहिलं. जॅकच्या बोलण्याचा सूर असा होता की, घरात कामं तडीस नेणारा भाऊ आहे, मी तो नाही. तो इतका हुशार नसता तर मला सोपं गेलं असतं. १९३५ मध्ये तो ११२ जणांत ६४वा येऊन बाहेर पडला. गंमत म्हणजे वर्गमित्रांनी ‘पुढे सर्वात यशस्वी होईल’ म्हणून निवडलं ते त्यालाच.

मग महायुद्ध. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेने जॅकची पीटी-१०९ बोट दोन तुकडे केली. भाजलेल्या सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून जॅक तासन् तास पोहला. पेपरांत फोटो आले. घरात पहिल्यांदाच धाकटा पुढे गेला.

जो तेव्हा नौदलात वैमानिक होता. ठरलेल्या मोहिमा पूर्ण झाल्या, घरी परतता आलं असतं. पण त्याने एक गुप्त काम मागून घेतलं: स्फोटकांनी गच्च भरलेलं विमान हवेत न्यायचं, पॅराशूटने उडी मारायची, विमान पुढे रेडिओने शत्रूच्या ठाण्यावर न्यायचं. १२ ऑगस्ट १९४४ला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, उडी मारायच्या आधीच, विमानाचा स्फोट झाला. सोबतचा अधिकारीही गेला. जोने हे जॅकमुळेच केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात काय होतं कोण सांगणार? पण ती सायकलची शर्यत माझ्या डोक्यातून जात नाही.

१९४५ मध्ये जॅकने जोच्या आठवणींचं पुस्तक संपादित करून खासगी छापलं. पुढच्या वर्षी तो निवडणूक जिंकून अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला. तेव्हा त्याचं वय २९ होतं. जो गेला तेव्हा त्याचंही तेवढंच होतं.