दुर्मीळ मूकपट आणि त्यांचे संग्राहक

भारतात १९१३ ते १९३४ या काळात हजाराहून अधिक मूकपट निर्माण झाले. आज पाहता येतात ते मूठभर, आणि त्यांतही पुष्कळांची एखाददुसरी रिळेच शिल्लक आहेत. संग्राहकाला त्यांची ओढ वाटते ती दुर्मीळपणामुळे, असे सहसा म्हटले जाते. ते खरेच, पण हा दुर्मीळपणा कसा निर्माण झाला, हे पाहिल्याखेरीज त्या ओढीचा अर्थ लागत नाही.

लोकांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटांच्या प्रती गावोगाव फिरून झिजल्या. नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, सांभाळण्यास जिकिरीची. तिच्यातील चांदीला मात्र बाजारात भाव होता. बोलपट आल्यावर जुन्या रिळांची किंमत बहुधा त्या चांदीपुरतीच उरली. बोलपटांचीही गत फारशी वेगळी झाली नाही. १९३१ च्या ‘आलम आरा’साठी गर्दी लोटली होती, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

‘मार्तंड वर्मा’चे नेमके उलट झाले. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या १८९१ मधील मल्याळम कादंबरीवर १९३३ मध्ये हा मूकपट निघाला. कादंबरीचे हक्क असलेल्या प्रकाशकाने दावा लावला, तो जिंकला, आणि चित्रपटाची प्रत त्याच्या ताब्यात गेली. प्रेक्षकांना पारखी झालेली ती प्रत सुमारे चाळीस वर्षे प्रकाशकाकडेच पडून राहिली. १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी ती मिळवली. ज्या दाव्याने चित्रपट पडद्यावरून उतरवला, त्यानेच तो वाचवला, असे म्हणावे लागते.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले व शेवटचे रीळ तेवढे हाती आहे, तेही १९१३ चे की १९१७ मधील पुनर्निर्मितीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संग्राहकाला मोहवते ती ही अनिश्चितताच. जुन्या पोथ्या व दप्तरांमागे गावोगाव हिंडणारे वि. का. राजवाडे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही जात अपरिचित वाटू नये.

मात्र जे उरले त्यावरून त्या काळाची अभिरुची ठरवणे धोक्याचे आहे. ‘मार्तंड वर्मा’ त्याच्या काळाने जवळजवळ पाहिलाच नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाविषयी जाणून घ्यायचे तर जाहिराती, हस्तपत्रके, १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढील साक्षी यांकडेच वळावे लागते. संग्राहक हे कागदही जपतात. रिळांइतक्या मायेने नव्हे, इतकेच.