संगणकाचा ताप कोण मोजतो?

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की राजूरचा घाट उतरावा लागतो. वर बुलढाण्याला भर उन्हाळ्यातही सावलीत बरे वाटते. घाट उतरून मोताळ्याला आले की हवा बदलते. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४२-४३ अंशांवर गेला, तर त्याची कोणी बातमी करत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये आम्ही या तालुक्यातील एका शाळेत गेलो ते आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी. पण मुख्याध्यापकांनी आमच्यापुढे वेगळेच गाऱ्हाणे मांडले. शाळेतले सहाही संगणक सकाळी नीट चालत आणि अकराच्या सुमारास, काही न सांगता, एकेक करून बंद पडत. निकालपत्रके भरण्याचे दिवस. तासभर टंकलेले गुण नाहीसे झाले की शिक्षकांनी पुन्हा पहिल्या हजेरी क्रमांकापासून सुरुवात करायची. सहाही यंत्रे नादुरुस्त असल्याचा अहवाल लिहून तयार होता, फक्त सही व्हायची होती.

यंत्रे बिघडलेली नव्हती. त्यांना दिलेली आज्ञा ती पाळत होती. ही आज्ञा कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत लिहून ठेवली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या. नलिकेतील तार तापल्याखेरीज तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, म्हणजे तेथे उष्णता हा कामाचाच भाग. अमेरिकेतील १९४६ च्या एनियाक यंत्राला तर सुमारे १५० किलोवॅट वीज लागे, आणि ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपानेच खोलीत येई. त्या काळी यंत्र थंड ठेवण्याची काळजी खोलीने आणि माणसांनी वाहायची. आपण किती तापलो आहोत, हे संगणकाला स्वतःला ठाऊक नसे.

पुढे ट्रान्झिस्टर आले, मग एकाच चकतीवर हजारो ट्रान्झिस्टर मावू लागले आणि उष्णतेची अडचण मिटली असे काही काळ वाटले. १९७१ च्या इंटेल ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकाला पंख्याची गरजच नव्हती. १९९३ मध्ये पेंटियम आला तेव्हा मात्र त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आणि वर पंखा बसवावा लागला. पंखा आला म्हणजे तो कधी फिरवायचा हा प्रश्न आला. इस्त्रीतील द्विधातू पट्टीसारखी एखादी साधी युक्ती पुरली असती. पण मांडीवरच्या संगणकात बॅटरी वाचवायची, आवाज कमी ठेवायचा आणि कामही अडू द्यायचे नाही, असे तिहेरी ओझे होते. इतका विचार कार्यप्रणालीच करू शकते.

कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला हे कळावे कसे? पंखा कोठे जोडला आहे, तापमापक कोणता, किती अंशांना काय करायचे, हे प्रत्येक कंपनीच्या यंत्रात वेगळे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचे प्रमाणक प्रसिद्ध केले. यंत्र बनवणाऱ्याने एक तक्ता यंत्रातच लिहून ठेवायचा आणि गाभ्याने तो वाचायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. तक्त्यात यंत्राचे ‘तापक्षेत्र’ असते आणि त्याच्या पायऱ्या असतात. एका पायरीला पंखा सुरू करा. दुसरीला प्रक्रियकाचा वेग कमी करा, कारण वेग कमी म्हणजे वीज कमी आणि वीज कमी म्हणजे उष्णता कमी. अखेरच्या, धोक्याच्या पायरीला यंत्र बंद करा.

शिक्षकांना आवडेल अशी एक गंमत यात आहे. एसीपीआयमध्ये तापमान केल्व्हिनच्या दशांशांत लिहितात. तक्त्यात ३६८२ असेल तर ते ३६८.२ केल्व्हिन, त्यातून २७३.२ वजा केले की ९५ अंश सेल्सिअस. केल्व्हिन मापन फक्त परीक्षेपुरते असते असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे.

लिनक्सच्या गोटात घडलेली गोष्ट थोडी वेगळी आहे. हा गाभा बांधताना शेकडो प्रश्नांची उत्तरे ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘लागेल तेव्हा जोड’ अशी द्यावी लागतात. २००८ पासून त्यात उष्णता-व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आला. तापमापकांचे, पंख्यांचे आणि वेग उतरवणाऱ्या कारभाऱ्यांचे प्रश्न त्यात एकत्र आले. पण मोबाइल फोनमध्ये वापरतात त्या आर्म जातीच्या प्रक्रियकांसाठी एसीपीआयचा तक्ता नसे. प्रत्येक नव्या फलकाचे वर्णन गाभ्याच्या आज्ञावलीतच कोंबले जाई. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीरपणे राग काढला, आणि त्यानंतर ‘डिव्हाइस ट्री’ म्हणजे उपकरणांचा वंशवृक्ष ही जुनी पद्धत आर्मसाठी सर्रास वापरात आली.

जुनी म्हणण्याचे कारण, तिचे मूळ सन कंपनीच्या यंत्रांतील आरंभ-प्रणालीत आहे. ती प्रणाली घडवणारे मिच ब्रॅडली पुढे मुलांसाठीच्या ‘एक्सओ’ या स्वस्त लॅपटॉपच्या कामात आले. २००७ मध्ये हेच लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एका लहानशा शाळेत मुलांच्या हाती पडले. ‘एक्सओ’मध्ये पंखा नव्हता, फिरणारी तबकडीही नव्हती. मुख्य फलक पडद्याच्या मागे उभा बसवलेला, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर निघून जावी आणि मुलाच्या मांडीला चटका बसू नये. धूळ ओढणारा पंखाच नाही, तर तो अडकणार कसा? आमच्या मते, खेड्यातल्या शाळेसाठी उष्णतेचा इतका सरळ विचार केलेले दुसरे यंत्र क्वचितच झाले असेल.

वंशवृक्षात तापक्षेत्रे लिहिण्याची ठरलेली रीत २०१३-१४ च्या सुमारास आली. तेथे आकडे सेल्सिअसच्या सहस्रांशांत असतात: ८५००० म्हणजे ८५ अंश. जोडीला आणखी एक आकडा असतो, समजा २०००. पंखा ६० अंशांना सुरू झाला तर ५९.९ ला बंद व्हायचा नाही, ५८ पर्यंत उतरल्यावरच व्हायचा. नाही तर तो क्षणाक्षणाला चालू-बंद होत राहील. फ्रीजचा आवाज लक्ष देऊन ऐकला तर हीच युक्ती कानांनी ओळखता येते.

आता मोताळ्याकडे वळू. आम्ही लिनक्सची एक चकती घालून यंत्र सुरू केले आणि दर पाच सेकंदांनी तापमानाचा आकडा पडद्यावर मांडायला लावले. खोलीत, पत्र्याखाली, ४१ अंश होते. काही काम नसताना प्रक्रियक ७१ वर. मुलांनी दोन-तीन मोठी कामे एकदम दिली. आकडा ८५ ला पोचला, वेग उतरला, तरी तो चढतच राहिला आणि ९५ ला यंत्र बंद झाले. खोके उघडले तर पाकळ्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू यांची नमद्यासारखी गादी बसलेली. परिसर कपाशीचा, खिडकी रस्त्याकडे उघडणारी.

फळ्यावर गणित मांडले. प्रक्रियक ४० वॅट उष्णता टाकतो आणि पाकळ्या स्वच्छ असताना दर वॅटमागे १ अंश चढतो असे धरू. मग २५ अंशांच्या खोलीत तो ६५ ला थांबेल, ४१ अंशांच्या खोलीत ८१ ला. पाकळ्या तुंबून वॅटमागे दीड अंश चढू लागला, तर पहिल्या खोलीत ८५ आणि दुसऱ्या खोलीत १०१. म्हणजे तेवढ्याच धुळीने थंड गावातले यंत्र जेमतेम सावकाश झाले असते. मोताळ्यात ते बंदच पडत होते. नववीतल्या एका मुलीने विचारले, “मग सर, हे ९५ आपण १०५ का नाही करत?” प्रश्न चांगला होता. आकडा बदलल्याने चकती जास्त ताप सोसू लागत नाही, एवढेच उत्तर आम्ही दिले. बाकीचे तिच्या विज्ञान शिक्षकांनी, वितळतार बदलून जाड तार घालणाऱ्यांचा दाखला देऊन, आमच्यापेक्षा छान समजावले.

रंगकामाचा जुना कुंचला आणि सायकलचा पंप घेऊन मुलांनी दुपारपर्यंत सहाही यंत्रे साफ केली. पंप मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, हे आधी सांगितले होते. पुन्हा तीच कामे दिल्यावर आकडा ८० च्या आसपास रेंगाळला. अहवालाचा कागद मुख्याध्यापकांनी टेबलाच्या खणात सरकवला आणि निकालपत्रकांचे काम सकाळी सातला सुरू करायचे ठरले. आकाशदर्शन त्या रात्री झाले नाही. संध्याकाळी वळवाचे ढग आले होते.